माळ्यावरची खोकी खाली आली, आता काय? जुन्या कॅसेटी-तबकड्या ऐकायला आणि जपायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

बाबा गेले त्या दिवाळीत माळ्यावरून चार खोकी खाली आली. 212 कॅसेटी, साठेक एलपी (प्लास्टिकच्या मोठ्या तबकड्या) आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या सुती साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेल्या 19 जड तबकड्या. आई म्हणाली, "ठेवायचं तर नीट ठेव, नाही तर भंगारवाल्याला दे, पण हॉल मोकळा कर." मी ठेवलं. नीट ठेवायला मात्र सहा वर्षं लागली, कारण करता येण्याजोगी जवळपास प्रत्येक चूक मी करून बसलो. तुमच्याही घरी अशी खोकी असतील, किंवा रस्त्यावरून पहिली एलपी उचलावी असं मनात असेल, तर पुढचं वाचा. माझ्या खोक्यांत ख्यालगायकी आणि नाट्यसंगीत होतं म्हणून उदाहरणं तिथली आहेत. भावगीतं, भजनं, शाहिरी, काहीही असलं तरी काम तेच.

1. आधी वाटणी करा, किमतीवर नको

नवखा माणूस खोकं उघडतो आणि सगळ्यात देखणी एलपी हातात घेतो. मीही तेच केलं. तिचं मोठं रंगीत कव्हर पुसत बसलो आणि कॅसेटी पुन्हा माळ्यावर गेल्या. दोन पावसाळे त्या तिथेच राहिल्या. बरोबर उलटं करायला हवं होतं.

तीन ढीग करा. पहिला, घरी भरलेल्या कॅसेटी: रेडिओवरून, कुणाच्या दिवाणखान्यातल्या बैठकीतून, देवळातल्या उत्सवातून. दुसरा, दुकानातून आणलेल्या छापील कॅसेटी आणि एलपी. तिसरा, मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या. छापील एलपीच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. तुमची फुटली तर दुसरी मिळेल, आणि त्यावरचं गाणं बहुधा इंटरनेटवर आधीच आहे. घरी भरलेल्या कॅसेटची जगात एकच प्रत असते, ती म्हणजे तुमच्या हातातली. शिवाय या तिघांत सगळ्यात आधी मरणारीही तीच. म्हणून पहिला ढीग आधी. बाजारभावात त्याची किंमत शून्य आहे, हे विसरून जा.

आमच्याकडची 37 नंबरची कॅसेट घ्या. डब्यावर बाबांच्या बारीक अक्षरात एवढंच: "शनिवार, रेडिओ, शेवट गेला." आकाशवाणीचा शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांनी संपते, आणि गाणारा काही त्यासाठी थांबत नाही. तान वर चढते, खट्ट असा आवाज येतो, आणि दुसऱ्या बाजूला आपण थेट द्रुतात, म्हणजे जलद लयीत. त्याआधी बाविसाव्या मिनिटाला आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आहे, कारण बाबांनी टेपचा माईक रेडिओच्या तोंडाशी धरला होता. पाठोपाठ एक पोर विचारतं, "संपलं का?" आणि बाबा फक्त "शूऽऽ" करतात. ते पोर मी.

2. सामान

सगळं एकदम आणू नका. पहिल्या ढिगाला लागणारं हे:

- चालू कॅसेट डेक. खिशातला वॉकमन किंवा यूएसबीवाला स्वस्त खेळ चालणार नाही. मागे लाइन-आउटची भोकं असलेला जुना जड डेक बघा आणि त्याचे बेल्ट बदलून घ्या.
- डेकपासून संगणकापर्यंत जाणारी वायर आणि एक छोटा ऑडिओ इंटरफेस. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर खुपसू नका, आवाज फाटतो.
- ऑडॅसिटी, संगणकावर आवाज भरायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि पुरेसं आहे.
- 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरण्याचा कापूस, बारीक स्क्रूड्रायव्हर, षटकोनी पेन्सिल.
- दोन हार्ड डिस्क. एक नाही, दोन. दुसरी दुसऱ्या घरात राहील.
- 200 पानी वही.

एलपीसाठी वेगळं: बरा टर्नटेबल, कार्बन ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, मऊ मायक्रोफायबर कापड. 78 फेऱ्यांसाठी आणखी वेगळी सुई लागते, ते पुढे येतंच.

डेकच्या बाबतीत एक अनुभव. मी माझा डेक एका नावाजलेल्या दुरुस्तीवाल्याकडे टाकला. परत आला तेव्हा चालत होता, पण सगळं गाणं किंचित वर गेलेलं. मोटरचा वेग त्याने अंदाजाने लावला होता आणि मला ते पंधरा कॅसेटी भरून झाल्यावर कळलं. पंधराही पुन्हा भरल्या. तेव्हा डेक दुरुस्तीहून आला की पहिल्यांदा अशी छापील कॅसेट लावा जिचं गाणं तुम्हाला इतर ठिकाणीही मिळतं, आणि पेटीवर स्वर जुळतो का बघा.

3. कॅसेट वाचवणं

लगेच प्ले दाबू नका. आधी कॅसेट उजेडात धरा. फितीच्या कडेला पांढरट भुरा दिसला तर ती बुरशी. ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर एकीची बुरशी डेकच्या हेडवरून सगळ्यांना लागेल. कोकणात, गोव्यात, मुंबईत हे फार होतं. आणि कृपा करून कॅसेटी-तबकड्यांना ऊन दाखवू नका. आपल्याकडे पापड, गाद्या, पुस्तकं सगळ्याला ऊन दाखवायची सवय आहे. एलपी अर्ध्या तासात पोळीसारखी फुगते.

मग फितीला हेडवर दाबणारा नमद्याचा चिमुकला तुकडा बघा. तो पितळी पट्टीवर चिकटवलेला असतो, आणि तीस-चाळीस वर्षांत गोंद सुकून गळून पडतो. आवाज दबका, घोंगडीखालून आल्यासारखा येतो तो बहुतेक वेळा यामुळेच. फीत मेली असं समजून लोक कॅसेट फेकतात. स्क्रूने बंद होणारी एखादी नको असलेली कॅसेट जवळ ठेवा, तिचं कवच उघडून आजारी फीत त्यात बसवायची. मी दोन आरती-संग्रह या कामी लावले. आईला सांगितलेलं नाही.

आता फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटतात. अडत असेल तर पेन्सिल घालून हाताने. हेड अल्कोहोलने पुसा. जुन्या फितीसाठी दर दोन-तीन कॅसेटींनंतर पुसा, कापसावर तपकिरी रंग आला की कळेलच किती गरज होती.

यानंतरची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो हेडचा कोन ठरवतो. तुमच्या वडिलांच्या टेपच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन एक नसतो, त्यामुळे वरचे स्वर बुजतात. कॅसेट चालू ठेवा, ऑडॅसिटीत आवाज मोनो करा, आणि तो स्क्रू केसाएवढा इकडे-तिकडे फिरवा. एका जागी तंबोऱ्याची जवारी एकदम उजळते, तबल्याच्या चाटीचा काठ ऐकू येतो. तिथे थांबा. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

खरखर दाबणारं डॉल्बीचं बटण कॅसेट डॉल्बीत भरली असेल तरच चालू करा. रेडिओवरून साध्या टेपवर भरलेल्या कॅसेटींना ते बंदच ठेवायचं.

आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. 90 मिनिटांची कॅसेट सुमारे दीड जीबी खाते. नंतर फ्लॅकमध्ये बदलली की जागा वाचते आणि आवाज तसाच राहतो. एमपी3 फक्त मोबाइलवर ऐकायला. मूळ प्रत म्हणून कधीच नाही.

खरखर काढायचं बटण दाबायचा मोह सगळ्यांना होतो. मूळ फाइलवर दाबू नका. खरखरीबरोबर गायकाचा श्वास जातो, तंबोरा पाण्यात बुडल्यासारखा होतो, आणि ते परत आणता येत नाही. सफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करा. मी सुरुवातीला तीस कॅसेटी अशा "स्वच्छ" केल्या होत्या. आज ऐकवत नाहीत.

वेळेचा हिशोब आधीच करा. 90 मिनिटांची कॅसेट भरायला 90 मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. आठवड्याला तीन या वेगाने माझ्या 212 कॅसेटींना जवळजवळ दीड वर्ष लागलं. एका सुट्टीत उरकू असं म्हणणारा कधीच उरकत नाही.

4. पट्टी चुकली आहे का?

जुने टेप बॅटरीवर चालायचे. सेल उतरले की फीत हळू भरायची, आणि आज नीट डेकवर ती भरभर वाजते. गाणं सूर-दीड सूर वर जातं. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या काळी चारच्या पुढे लागला तर संशय घ्या, बहुतेक पुरुष काळी एक-दोनच्या आसपास गातात. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे उंच पट्टीत गाणारे असतातच, तेव्हा नुसत्या पट्टीवर निकाल देऊ नका.

पक्का पुरावा विजेच्या गुणगुणीत मिळतो. वीजवाहिन्यांचा प्रवाह आपल्याकडे 50 हर्ट्झचा. टेप भरताना जवळ कुठेतरी वीज होती तर तिची गुणगुण फितीवर उमटलेली असते. ऑडॅसिटीत गाणं सुरू होण्याआधीचा शांत तुकडा निवडून त्याचा कंपनसंख्येचा आलेख काढा. 50 आणि 100 वर टोकं दिसली तर बहुधा ठीक. 53 आणि 106 वर दिसली तर गाणं सहा टक्के वर गेलंय, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर. तेवढा वेग कमी करा. फक्त फीत थांबवून डेकची स्वतःची गुणगुण आधी बघून घ्या, नाहीतर तिच्यावरच मोजमाप कराल. आणि वेग सुधारलेली फाइल वेगळी ठेवा, मूळ तशीच राहू द्या.

5. तबकड्या

ट्रंकेतल्या 19 तबकड्यांपैकी एक मी माझ्या हाताने मारली. नाट्यसंगीताची होती. कॅसेटचं हेड अल्कोहोलने छान साफ होतं हे नुकतंच शिकलो होतो, तोच कापूस तबकडीवर फिरवला. बोळ्यावर काळं आलं, मला वाटलं मळ निघतोय. निघत होती ती तबकडीच. 78 फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला हे माहीत असतं, तो पॉलिश असंच बनवतो. मला माहीत नव्हतं. त्या तबकडीवर आता एक राखाडी पट्टा आहे आणि तिथून नुसती पावसाची सर ऐकू येते.

तेव्हा लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, मग स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडं कापड. मधल्या लेबलला पाणी लावायचं नाही. एलपी प्लास्टिकची असते, तिला पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. दोन्ही एकाच बाटलीने साफ करायच्या नाहीत, एवढं भिंतीवर लिहून लावा.

सुईचंही तसंच. एलपीची खाच बारीक, 78 ची त्याहून तिप्पट रुंद. एलपीच्या सुईने 78 वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी लोळते, सगळा कचरा ऐकू येतो आणि सुईही जाते. 78 ची वेगळी सुई घ्या. चावीचा कर्णेवाला ग्रामोफोन घरी असेल तर मिरवायला ठेवा. त्यावर वाजवायचंच तर लोखंडी पिन दर बाजूला नवीन. तीच पिन दोनदा वापरणं म्हणजे तबकडीवर खिळा ओढणं. सुटकेसमध्ये बसणारे नवे स्वस्त प्लेअर दिसायला गोड असतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांची सुई पाच-सहा ग्रॅम वजनाने दाबते. चांगलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) दीड ते अडीच ग्रॅमवर चालतं. फरक तुमच्या एलपीला कळतो.

एलपी उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या वाकतात. 78 च्या तबकड्या तर आडव्या रचून तडकतातच. बाबांनी साड्यांच्या घड्या घातल्या होत्या म्हणून आमच्या वाचल्या. पावसाळ्यात कपाटात सिलिकाच्या पुड्या, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब.

6. वही

हार्ड डिस्कवर "नवीन फोल्डर 4" असं नाव असलेल्या दोनशे फाइली म्हणजे पुन्हा माळाच. प्रत्येक कॅसेटला एक क्रमांक द्या, कवचावर पेन्सिलीने लिहा, तोच क्रमांक फाइलीच्या नावात सगळ्यात आधी. मग बाजू, कलावंत, राग किंवा पद, कुठून भरलं, अंदाजे वर्ष. वर्षाची खात्री नसेल तर "अंदाजे" लिहा. आज खात्रीने लिहिलेली चूक उद्या पुरावा होते.

डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका. त्या काळी कोरी कॅसेट महाग होती, एकावर तीन-तीनदा भरलं जायचं. आमच्याकडे एका कीर्तनाच्या डब्यात क्रिकेटच्या समालोचनाची 20 मिनिटं निघाली, आणि त्यानंतर अर्धवट भैरवी.

तबकडीच्या लेबलवरचा क्रमांक तर लिहाच, पण लेबलच्या बाहेर, खाच संपते त्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडेही लिहा. लेबल कधी चुकीचं चिकटलेलं असतं, कोरलेला क्रमांक मूळ साच्याचा असतो. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात हिंदुस्थानी गायकांची पहिली ध्वनिमुद्रणं करायला आला, तेव्हा गायिका गौहर जान प्रत्येक गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगून मोकळी व्हायची. साचे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचे, तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. 1908 मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला आणि ती गरज संपली, पण सवय काही वर्षं राहिली. बाबांनी अशी एक ओळ प्रत्येक कॅसेटच्या शेवटी बोलून ठेवली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती.

ओळख पटवायची तर म्हातारी माणसं गाठा, आणि लवकर गाठा. माझ्या काकांनी 40 कॅसेटी ओळखून दिल्या, त्याही कधी रागावरून नाही तर साथीदाराच्या ठेक्यावरून. "हा डग्गा ऐक, हा आपल्या मिरजेच्या उरुसातला." पुढच्या वर्षी ते गेले. उरलेल्या कॅसेटी अजून प्रश्नचिन्हाच्या रकान्यात आहेत.

7. ऐकायचं कसं

इथपर्यंत आलात आणि अजून एकही गाणं धड ऐकलेलं नाही, असं बहुतेकांचं होतं. संग्रहाची नशाच अशी, कॅसेट भरली की ऐकल्यासारखं वाटतं.

ख्याल नवीन असेल तर दीड तासाच्या मैफलीपासून सुरुवात करू नका. 78 च्या तबकड्यांपासून करा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. तेवढ्यात रागाचा चेहरा, बंदिश, चार ताना, सगळं बसवायचं. अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व यांनी ते बसवलं. एकच बाजू दहा दिवस रोज ऐका. चौथ्या दिवशी कंटाळा येतो, सहाव्या दिवशी तबला ऐकू यायला लागतो, आठव्या दिवशी तुम्ही भाजी चिरताना ती तान गुणगुणता. केसरबाई केरकरांची भैरवीतली "जात कहाँ हो" जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे, आणि 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली ती तेवढीच. गोव्यातल्या केरीच्या बाईंना एवढा वेळ पुरला, तर आपल्यालाही पुरेल.

मग विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल. मात्रा मोजू नका, निदान सुरुवातीला नको. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, कान देऊन ओळखा. गायक भटकून येतो, मुखडा पकडतो, आणि एका ठोक्यावर तबला आणि तो एकत्र उतरतात. तिथे मान आपोआप हलते, ती सम. विलंबित एकतालात ती पहिल्यांदा सापडायला मला महिना लागला. पण सापडली की मधली जागा रिकामी वाटत नाही, गायक किती लांब जाऊन कसा परततो याची गंमत सुरू होते.

ऐकताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत काहीच होत नाही असं वाटलं तर बरोबर चाललंय.

ऐकलेलं त्याच वहीत लिहा, दोन ओळी पुरेत. "राग कळला नाही. खाली फार वेळ थांबले, छान वाटलं." तीन वर्षांनी वाचाल तेव्हा हसाल, आणि राग कोणता तेही तोवर कळलेलं असेल.

8. पुढचं गाणं कुठून शोधायचं

यंत्राने सुचवलेल्या यादीत गोल फिरायला होतं. त्यापेक्षा आवडलेल्या गायकाच्या गुरूकडे जा, मग गुरुभावंडांकडे. भीमसेन जोशी आवडले तर त्यांचे गुरू सवाई गंधर्व, मग त्याच गुरूंच्या शिष्या गंगूबाई हनगल, मग सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ, आणि खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई. एकच किराणा घराणं, पण आवाजाची जात प्रत्येकाची वेगळी. याउलट जयपूर-अत्रौली घ्या: अल्लादिया खाँसाहेबांनी तबकडी काढलीच नाही. त्यांना ऐकायचं तर केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर एका बैठकीत ऐका. तिघांतही जे सारखं वाटेल, ते मूळ घरातलं असं मी धरतो. चूकही असेल, पण रविवार छान जातो. भास्करबुवा बखल्यांचंही असंच, त्यांना बालगंधर्व आणि मास्टर कृष्णरावांमधून शोधावं लागतं.

दुसरी वाट, एकच राग चार जणांचा. यमन नको, तो सगळेच गातात आणि तुलना पसरते. मारवा किंवा ललत घ्या.

आणि प्रत्यक्ष मैफलीला जा. पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, 1953 पासूनचा. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने सभा होतात, तिथे तिकीटही लागत नाही. आकाशवाणीची रागम वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत लावते. शनिवारी रात्री रेडिओ लावून बसायची बाबांची सवय मी मोबाइलवर चालू ठेवलीय, कुकर मात्र आधीच उरकून घेतो.

9. बाजारात जाण्याआधी

सहा महिने विकत काहीही घेऊ नका. घरातलंच ऐकून संपलेलं नसतं. मग जा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोरबाजारची मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात.

तबकडी उजेडात तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे चालतात. नख अडकेल असा ओरखडा नाही. 78 असेल तर कडेवर हलकेच बोट फिरवा आणि बोटाने टिचकी मारा. बद्द आवाज आला तर आत तडा आहे. एलपी कव्हरमधून बाहेर काढूनच पैसे द्या, कारण आत दुसरीच असणं हे काही विरळ नाही. मी एकदा एका मोठ्या गायिकेची म्हणून घेतलेली एलपी घरी येऊन उघडली तर आत इंग्रजी व्याकरणाचे धडे. विक्रेता ओळखीचा झाला की असं होत नाही, म्हणून एकाकडेच परत परत जा, घासाघीस कमी करा, चहा प्या.

"दुर्मीळ" हा शब्द ऐकलात की पाकीट आत. खरोखर दुर्मीळ काय ते जाणकारांना विचारा. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स 1990 पासून मुंबईत आहे, आणि त्यांच्या द रेकॉर्ड न्यूज या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत क्रमांकांच्या याद्या आहेत. शंभर रुपयांच्या तबकडीला हजार द्यायच्या आधी तासभर ते चाळा.

10. वाटताना

स्वतःसाठी फाइल करून ठेवणं वेगळं, लोकांसाठी इंटरनेटवर टाकणं वेगळं. भारतीय कायद्यात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचे हक्क, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं राहतात. शिवाय शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते त्या कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. आणि खासगी बैठकीची कॅसेट असेल तर कायदा काहीही म्हणो, गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारा. मी दोनदा विचारलं. एकदा नकार आला आणि मी तो पाळला. दुसऱ्या वेळी कलावंताच्या सुनेने कॅसेटची प्रत मागितली, कारण त्यांच्याकडे त्या वयातल्या आवाजाचं काहीच नव्हतं. तिला प्रत पोचवली. आठवड्याने तिचा फोन आला, मधल्या गप्पांत "चहा सांग" म्हणणारा आवाज सासूबाईंचा आहे, तेवढा तुकडा वेगळा करून मिळेल का.

मूळ वस्तू उसनी देताना मात्र वहीच्या शेवटच्या पानावर नाव, तारीख आणि क्रमांक लिहून सही घ्या, सख्खा भाऊ असला तरी. आमच्या 88 आणि 141 नंबरच्या कॅसेटी बाबांनी कुणाला दिल्या ते त्या पानावर नाही, कारण बाबांच्या वहीला शेवटचं पानच नव्हतं.